भोपळ्यातली म्हातारी खिडकीत

वाचकाचे पत्र

आम्ही न्यू जर्सीत एडिसनजवळ भाड्याच्या घरात, तळमजल्यावर राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे आणि मुलगा चार वर्षांचा. गेल्या काही महिन्यांपासून घरात एकच पगार येतो. हॅलोवीन जवळ आल्यामुळे समोरच्या घरासमोर माणसापेक्षा उंच, हवा भरलेली भुते आणि सांगाडे उभे राहिले आहेत. मुलगी रोज विचारते, आपले घर कधी सजवायचे? काल तिने विचारले, “आपल्याकडे पैसे नाहीत का?” मला यासाठी वीस डॉलरपेक्षा जास्त खर्च करता येणार नाही. त्यातच सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत आणि दिवाळी तोंडावर असताना दारात भुतेखेते टांगणे त्यांना अभद्र वाटते. मला स्वतःला हस्तकला फारशी येत नाही. मुलांना हाताशी घेऊन, थोडक्या पैशांत आणि घरात कुणाचे मन न दुखवता काय करता येईल?

– एक आई

प्रिय ताई,

तुमच्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर दिल्याशिवाय कात्री हातात घेण्यात अर्थ नाही. आठ वर्षांच्या मुलीला घरातला बदल कळतो आणि आपण विषय टाळला की तो आहे त्यापेक्षा मोठा वाटू लागतो. “यंदा आपण जपून खर्च करतो आहोत, सजावटीसाठी आपल्याकडे वीस डॉलर आहेत आणि ते कसे वापरायचे हे आपण दोघींनी ठरवायचे,” एवढे तिला शांतपणे सांगावे. मग खरोखरच वीस डॉलर एका पाकिटात घालून ते तिच्या हाती द्यावे, दुकानात हिशेब तिलाच करू द्यावा आणि उरलेली मोड त्याच पाकिटात परत ठेवायला सांगावे. माझ्या अनुभवात, पैसे मोजण्याचे काम ज्या मुलाकडे असते ते शेजारच्या अंगणाकडे कमी पाहते.

आता सजावटीकडे वळते. 31 ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोवीनच्या दिवशी, तुमच्याकडे घड्याळे हिवाळ्यासाठी अजून तासभर मागे घेतलेली नसतात. ती नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. त्यामुळे त्या दिवशी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि खाऊ मागत दारोदार फिरणारी बहुतेक मुले संधिप्रकाशात किंवा अंधारात येतात. ती रस्त्यावरून, दहा-पंधरा पावलांवरून तुमचे घर पाहणार असतात. एवढ्या अंतरावरून आणि अशा उजेडात बारीक कलाकुसर, चकाकी किंवा रंगांच्या छटा यांतले काहीच दिसत नाही. दिसतो तो उजेड आणि त्या उजेडापुढे उभी असलेली काळी आकृती. म्हणून तुमचे वीस डॉलर मुख्यतः उजेड आणि कागद यांवर खर्च करा आणि बाकीचे शक्यतो घरातून काढा. दहा लहान वस्तू विखरून ठेवण्यापेक्षा एकच गोष्ट मोठी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती मोठी गोष्ट म्हणजे तुमची रस्त्याकडची खिडकी. आकाशकंदील कसा उजळतो हे तुम्हाला ठाऊकच आहे: आत दिवा, त्याच्याभोवती रंगीत कागद आणि त्यावर कापलेली नक्षी. संपूर्ण खिडकीचाच आकाशकंदील करायचा आहे.

त्या खिडकीत काय दाखवायचे याचे उत्तर तुमच्या सासूबाईंकडे आहे. भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट त्यांना नक्की येत असेल. लेकीकडे जाताना जंगलात कोल्हा आणि वाघ वाट अडवतात, लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते मग मला खा, असे म्हातारी त्यांना सांगते आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांना चकवते. रात्र, जंगल, दबा धरून बसलेला वाघ आणि मधोमध लाल भोपळा! हॅलोवीनच्या रात्रीला शोभेल अशी याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही, आणि तिच्यात भूत एकही नाही. एका संध्याकाळी आजींनी ती गोष्ट सांगावी आणि मुलांनी ऐकता ऐकता ठरवावे की वाघ कुठे बसेल, कोल्हा कुठून डोकावेल, झाड किती वाकडे असेल. दारी येणाऱ्या अमेरिकन मुलांना भोपळा, जंगल आणि चमकते डोळे एवढे पुरेसे आहे. गोष्ट विचारली तर तुमची मुलगी सांगेल.

करण्याची रीत सोपी आहे, फक्त क्रम सांभाळावा लागतो. डॉलरच्या दुकानातून काळ्या पोस्टर बोर्डाचे दोन मोठे ताव आणि नारिंगी-पिवळ्या टिश्यू पेपरचे एक पाकीट आणावे. हा टिश्यू पेपर आपल्या पतंगाच्या कागदासारखा पातळ असतो. काळ्या तावावर पांढऱ्या खडूने आकृत्या काढाव्यात आणि त्या मोठ्या काढाव्यात, वाघ निदान हातभर लांब हवा. आकृती बाजूने दाखवावी, कारण समोरून काढलेला वाघ काळा झाल्यावर नुसता ढेकळासारखा दिसतो, तर बाजूने काढलेल्या वाघाचे शेपूट, कान आणि उघडा जबडा लांबूनही ओळखू येतात. बाहेरची रेघ तुमची मुलगी कापू शकेल. डोळ्यांची आणि पट्ट्यांची भोके मात्र तुम्ही टोकदार कात्रीने कापावीत आणि डोळा बदामाच्या आकाराचा, जरा तिरका ठेवावा. गोल डोळ्याने वाघ घाबरलेला वाटतो. भोपळा तर काळ्या कागदाचा केवळ सांगाडा असावा, म्हणजे कडा आणि फाकींच्या उभ्या रेघा तेवढ्या ठेवून मधला भाग कापून टाकावा, म्हणजे त्या जागी मागचा नारिंगी कागद उजळेल. त्या नारिंगीत म्हातारीचे डोके आणि हातातली काठी काळी दिसली पाहिजे.

काळ्या आकृत्या प्रथम, काचेला आतून अगदी भिडवून चिकटवाव्यात आणि टिश्यू पेपर त्यांच्या मागे, खोलीच्या बाजूने लावावा. हा क्रम उलटा झाला तर काळ्या कडा कागदाआडून पुसट होतात आणि सगळी मेहनत वाया जाते. भोपळ्यामागे नारिंगी कागद दुहेरी लावला की तो गडद दिसतो, आकाशाला पिवळा एकेरी पुरतो. त्यानंतर खोलीत, कागदापासून दोन-तीन फूट दूर, एलईडीचा बल्ब असलेला साधा टेबललॅम्प ठेवावा. जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब कागदाजवळ कधीही नको.

तुमचा चार वर्षांचा मुलगा यात काय करेल, असे तुम्ही विचाराल. टिश्यू पेपरचे तुकडे हाताने फाडण्याचे काम पूर्णपणे त्याचे. फाडलेल्या कडा एकावर एक आल्या की उजेडात त्यांच्या छटा पडतात आणि सरळ कापलेल्या कागदापेक्षा त्या अधिक सुंदर दिसतात. त्याशिवाय एक प्राणी त्याच्या हातचा असू द्या. त्याने काढलेल्या कोल्ह्याला पाच पाय असतील किंवा शेपूट डोक्यातून निघाले असेल, तरी कृपा करून तो झोपल्यावर गुपचूप दुरुस्त करू नका. सकाळी त्याला ते कळते. सगळे चिकटवून झाले की खोलीतला एकच दिवा लावून दोन्ही मुलांना जॅकेट घालून पदपथावर न्यावे आणि तिथून खिडकी दाखवावी. आतून ज्या खिडकीवर नुसती कागदांची गिचमिड दिसत होती, तिच्यात बाहेरून एकाएकी जंगल उभे राहते. चार वर्षांचे मूल अशा वेळी आपला पाच पायांचा कोल्हा बोटाने दाखवून त्याचे नाव सांगू लागते. तो क्षण चुकवू नका.

सासूबाईंच्या आक्षेपाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तो आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात दिवाळीपूर्वी जळमटे काढून, उंबरठा सारवून लक्ष्मीची वाट पाहिली जाते, त्या घरच्या बाईला दारात हाडांचा सापळा पाहून वाईट वाटणे स्वाभाविक आहे. त्यांना या सणाचे मूळ सांगून पाहा. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पीक घरात येऊन हिवाळा सुरू होण्याच्या सांध्यावर साविन नावाचा जुना सण होता आणि त्या रात्री मृतांचे आत्मे या जगात फिरकतात अशी समजूत होती. पुढे 1 नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा आणि 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस ठरला; हॅलोवीन म्हणजे त्या संतांच्या दिवसाची आदली रात्र. तिकडे लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने अमेरिकेत आलेल्या आयरिश लोकांना इथे सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा लाल भोपळा मिळाला. पितृपक्ष पाळणाऱ्या माणसाला गेलेल्यांची आठवण आणि दारातला दिवा ही कल्पना परकी वाटणार नाही. तरीही सांगाडे, रक्ताचे डाग आणि थडग्यांचे दगड तुम्ही वगळावेत, असेच मी म्हणेन. त्यांच्यावाचून काही अडत नाही. वटवाघूळ, काळे मांजर, कोळी आणि घुबड एवढे प्राणी पुष्कळ झाले. घुबडालाही सासूबाई नाक मुरडतील कदाचित, पण ते लक्ष्मीचे वाहन आहे हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले माहीत असणार.

एखादे भूत मात्र मुलगी मागणारच. ते सासूबाईंनाच करू द्या, म्हणजे ते गुटगुटीत आणि हसरे होईल. चक्का टांगायचे जुने मलमलचे फडके घरात असेल तर बाहेरून काही आणायला नको. चार मोठे चमचे कॉर्नस्टार्च अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवावे, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ते हळूहळू ओतावे आणि ढवळत राहावे. पांढरटपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की आच बंद करावी. कोमट झाल्यावर फडके तिच्यात बुडवून हलके पिळावे. एका उंच बाटलीवर वाटी पालथी ठेवून दोन्हींवर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद गुंडाळावा आणि फडके त्यावर पसरून खालच्या कडांना बोटांनी घोळ द्यावा. एक रात्र आणि एक दिवस ते हलवू नये. वाळल्यावर वाटी-बाटली अलगद काढली की फडके स्वतःच्या पायावर उभे राहते. त्याला काळ्या कागदाचे दोन डोळे चिकटवले आणि आत बॅटरीचा दिवा ठेवला की काम झाले. इंटरनेटवर अनेकदा वाटीऐवजी फुगा वापरायला सांगतात, पण फुटलेल्या फुग्याचे तुकडे लहान मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून तुमच्या घरी फुगा नको. हे भूत पावसात उभे राहत नाही, खळ विरघळून ते बसकण मारते. त्यामुळे ते खिडकीच्या आत किंवा बाहेर छपराखाली, सासूबाईंना चालेल तिथे ठेवावे. पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये, खळीला किडे लागतात. फडके धुऊन परत वापरात घ्यावे.

पावसाचा विषय निघाला म्हणून माझी एक चूक सांगते. मुले लहान असताना मी एका वर्षी दाराबाहेरच्या पांढऱ्या कठड्यावर काळ्या कागदाची तीसेक वटवाघळे चिकटवली होती. रात्री पाऊस आला, कागदाचा रंग ओघळून कठड्यावर उतरला आणि तो घासून काढण्यात माझे दोन रविवार गेले. भाड्याच्या घरात अशा डागाचे पैसे अनामत रकमेतून वळते होतात. बाहेर कागद नकोच. बाहेरची वटवाघळे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून करावीत, तीन खळगे सलग कापले की मधला धड होतो आणि बाजूचे दोन पंख. पंखांच्या खालच्या कडेला अर्धगोल कापावेत आणि वरून काळा ॲक्रिलिक रंग द्यावा, हा रंग वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. पुठ्ठा तरीही भिजतो, म्हणून ती छपराखालीच टांगावीत. रंगवण्याचे काम चार वर्षांच्या मुलाला फार आवडते. जुना शर्ट घालून, खाली वर्तमानपत्र पसरून त्याला बसवावे. भिंतीला किंवा दाराला काहीही चिकटवायचे झाले तर रंगाऱ्यांची निळी पट्टी वापरावी, तिने सहसा रंग उचलला जात नाही. पारदर्शक चिकटपट्टी फक्त काचेवर.

भोपळा एकच घ्या, मध्यम आकाराचा, सगळीकडून टणक आणि देठ शाबूत असलेला. कोरलेला भोपळा बाहेर जेमतेम काही दिवस टिकतो, ऊन पडले तर त्याहूनही कमी, आणि खारी त्याचे तोंड कुरतडून मोठे करतात. म्हणून कोरायचाच असेल तर 29 किंवा 30 तारखेला कोरावा. तोवर तो तसाच दारात ठेवला तरी शोभतो. वरचे झाकण कापण्याऐवजी तळ गोल कापावा, म्हणजे भोपळा दिव्यावर नुसता पालथा घालता येतो आणि झाकण आत पडत नाही. सुरी तुमच्या हातात, आतला गर आणि बिया ओरबाडणे मुलांच्या हातात. बिया धुऊन, कोरड्या करून, किंचित तेल, मीठ, हळद आणि तिखट लावून ओव्हनमध्ये भाजाव्यात. गराचे घारगे करण्याचा मोह होईल. पण कोरण्यासाठी विकले जाणारे भोपळे पाणचट आणि अगोड असतात, घारग्यांसाठी शुगर पंपकिन नावाचा लहान भोपळा बरा.

चाकू हातात घेण्याची मुळीच इच्छा नसेल तर भोपळा रंगवावा. तो खूप दिवस टिकतो, आणि त्यात आणखी एक सोय आहे. मोरपंखी निळ्या रंगाचा भोपळा दारात असला की इथे खाऊऐवजी दुसरे काही मिळेल, असा अमेरिकेत अर्थ होतो. ज्या मुलांना शेंगदाणे, दूध किंवा तत्सम पदार्थांची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ही पद्धत गेल्या दहा-बारा वर्षांत रूढ झाली. पेन्सिली आणि स्टिकर चॉकलेटांपेक्षा स्वस्त पडतात, म्हणून तुमच्या पाकिटालाही ते सोयीचे आहे.

उजेडाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. कोरड्या पानांच्या, कागदाच्या आणि लांब पोषाख घातलेल्या मुलांच्या या रात्री मेणबत्ती किंवा पणती कुठेही नको, भोपळ्यातही नको. बॅटरीचे छोटे दिवे घ्यावेत, पण त्यांतल्या नाण्यासारख्या चपट्या बॅटरीकडे नीट लक्ष द्यावे. ती गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतही भाजून निघू शकते. ज्या दिव्याचे झाकण स्क्रूने बंद होते तोच घ्यावा. 2022 साली अमेरिकेत अशा वस्तूंची झाकणे मुलांना उघडता येऊ नयेत यासाठी कायदा झाला, पण घरात जुने दिवे असतील तर ते बाजूला काढावेत. रात्री सजावट काढताना दिवे मोजूनच आत आणावेत. आणि झुडपांवर ताणून बसवायचे पांढरे कृत्रिम जाळे, जे सगळीकडे दिसते, ते आणू नका. लहान पक्षी आणि मधमाश्या त्यात अडकतात. त्याऐवजी तीन वाळक्या काटक्या मध्यावर बांधून त्यांच्याभोवती घरातली जाड लोकर प्रत्येक काटकीला एक वेढा देत गुंडाळत जावी. आठ वर्षांची मुलगी हे जाळे अर्ध्या तासात विणते आणि लोकर जाड असल्यामुळे पक्ष्यांना ते दिसते.

दुधाचा एक गॅलनचा रिकामा डबा धुऊन ठेवत जा. मागून भोक पाडून आत दिव्यांची माळ सोडली आणि पुढे मार्करने दोन डोळे काढले की पायवाटेच्या कडेला ठेवण्याजोगा कंदील होतो. वाऱ्याने उडू नये म्हणून तळाशी मूठभर खडे घालावेत.

खर्चाचा माझा अंदाज असा: काळे ताव, टिश्यू पेपर आणि दोन चिकटपट्ट्या मिळून सहा-सात डॉलर, भोपळा पाच-सहा, आणि बॅटरीवर चालणारी दिव्यांची माळ व दोन दिवे मिळून चार-पाच डॉलर. काळा रंग मुलीच्या शाळेच्या सामानात निघाला तर वीस डॉलरमधून थोडी मोड उरेल. कामाला तीन संध्याकाळी पुरतात: एक गोष्टीची आणि आकृत्या काढण्याची, एक कापण्याची आणि खळीची, आणि एक चिकटवण्याची. मुले दमली की थांबावे. अर्धवट जंगल दोन दिवस खिडकीत राहिले तरी चालते.

2026 साली लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे हॅलोवीननंतर आठच दिवसांनी आहे. म्हणून 1 नोव्हेंबरला सगळी खिडकी मोकळी करू नका. वाघ, कोल्हा आणि झाडे काढा, पिवळा-नारिंगी कागद तसाच राहू द्या आणि उरलेल्या काळ्या कागदातून मुलीला पणत्यांची रांग कापू द्या. दिव्यांची माळही तीच चालेल. कागद काढताना चिकटपट्टी कोपऱ्यातून उचलून काचेला समांतर, हळू ओढावी. कुठे डिंक राहिला तर त्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवून दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसावे.

तुमची,
सदरलेखिका